साडेआठ हजारांची बुरशी: अळंब्यांच्या डीएनए तपासणीचा अनुभव

पाचपैकी तीन तारे. त्यातला अर्धा फोन उचलणाऱ्या मुलीचा.

एकतीस वर्षं मी लोकांना रिपोर्ट दिले. रक्ताचे, थुंकीचे, लघवीचे, आणि पावसाळ्यात मलेरियाच्या स्लाइडींचे ढीगच्या ढीग. ग्रामीण रुग्णालयातून लॅब टेक्निशियन म्हणून निवृत्त झालो, आणि गेल्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा पैसे मोजून दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट घेतला. तोही अळंब्यांचा. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत आणि त्यातल्या निम्म्या माझ्यावरच उलटतात. मोठ्या शहरातली खासगी लॅब आहे, कुरिअरने नमुने घेते. आणखी एका ठिकाणी दर विचारला होता, तिथली पद्धतही हीच होती.

आधी हे खूळ कुठून आलं ते सांगतो. आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात, मागे काजूची बाग. मिरजेहून आणलेला सेकंडहँड बायनॉक्युलर मायक्रोस्कोप निवृत्तीनंतर कपाटात पडून होता. एका श्रावणात बागेतल्या वारुळावर अळंबी फुटली, हिने आमटीसाठी खुडून आणली, आणि मी सहज एक कल्ला, म्हणजे टोपीखालची पातळ पाकळी, कापून काचेवर घेतला. तेलाचा थेंब टाकून सर्वांत मोठं भिंग लावलं आणि समोर लंबगोल, गुळगुळीत, स्वच्छ बीजाणू. तीस वर्षं त्याच भिंगाखाली आजार बघितले होते, आणि आता हे. त्या दिवसापासून पावसाळ्यात माझ्या पिशवीत चाकू, मेणकागद आणि पत्र्याचा डबा असतो. लोक हसतात. हसोत.

तर सेवा अशी. वेबसाइटवर फॉर्म भरायचा, प्रत्येक नमुन्याचा २० ते ५० मिलिग्रॅम कोरडा तुकडा पाकिटात घालून पाठवायचा. ते डीएनए काढतात, त्यातला आयटीएस नावाचा पट्टा पीसीआरने वाढवतात, सँगर पद्धतीने त्याची अक्षरं (ए, सी, जी, टी) वाचतात आणि पीडीएफ पाठवतात. एका नमुन्याला १,८०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. मी चार पाठवले. ८,४९६ रुपये. मुदत दहा कामाच्या दिवसांची सांगितली होती, रिपोर्ट चोविसाव्या दिवशी आला. पावसात कुरिअरवालाच आमच्याकडे तिसऱ्या दिवशी फिरकतो, म्हणून यातले चार दिवस मी त्यांना माफ करतो.

आयटीएस म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पेशीत प्रथिनं बनवणारं जे यंत्र असतं, रायबोसोम, त्याच्या भागांचे जीन एका रांगेत असतात. मधल्या जागेत दोन तुकडे येतात, तेच आयटीएसचे. पेशी आधी सगळं सलग उतरवून घेते आणि मग हे दोन तुकडे शिंप्याने कापडाची कडा कापावी तसे कापून टाकते. यंत्राच्या भागात चूक झाली तर पेशी मरते, म्हणून ते भाग फारसे बदलत नाहीत. कापून टाकायच्या चिंध्यांत मात्र बदल साठत जातात, आणि जवळच्या दोन प्रजातीही त्यावरून बऱ्याचदा वेगळ्या ओळखता येतात. बुरशींमध्ये हा सगळा पट्टा साधारण ५०० ते ७०० अक्षरांचा. वाचायला लागणारे प्राइमर, म्हणजे पट्ट्याची टोकं धरणारे डीएनएचे छोटे तुकडे, १९९० साली प्रसिद्ध झाले, ते आजही चालतात. २०१२ साली जगभरच्या बुरशीतज्ज्ञांनी मिळून हाच पट्टा बुरशींचा बारकोड म्हणून सुचवला. म्हणजे पद्धत जुनी, भरवशाची. गोम पद्धतीत नाही.

पहिला नमुना पाठवला तो माझा निव्वळ मूर्खपणा. शाळेच्या मैदानावर गवतात पांढऱ्या, ताटलीएवढ्या टोप्या उगवल्या होत्या, वर तपकिरी खवले, देठावर कडं. शेजारचा पोरगा पिशवी भरूनच घेऊन आला, "काका, ही खाऊची की नाय?" मी टोपीचा देठ कापून ती पांढऱ्या कागदावर पालथी घातली, वर वाटी झाकली आणि झोपलो. सकाळी कागदावर कल्ल्यांची नक्षी उमटली होती, मळकट हिरवी. शेवाळासारखी नव्हे, जुन्या लष्करी कपड्याच्या रंगाची. बीजाणूंचा हिरवा छाप देणारी अशी मोठी छत्री म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिस. खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब. मला सकाळीच कळलं होतं, तरी "डीएनए काय म्हणतो बघू" म्हणून एक तुकडा पाकिटात घातला. रिपोर्टने तेच नाव दिलं. दोन हजार एकशे चोवीस रुपयांना. कागद माझ्याकडे फुकट होता.

पिशवी आधीच ओढ्यात टाकायला लावली होती, हे सांगायचं राहिलं.

दुसरा नमुना आमच्या वारुळावरचा. टर्मिटोमायसिस. ही अळंबी वाळवीच्या शेतात उगवते असं म्हटलं तरी चालेल. वाळवी पालापाचोळा खाऊन आपल्या विष्ठेची वारुळात स्पंजासारखी पोळी रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. पावसात अळंबीची लांब मुळी त्या पोळीपासून जमीन फोडत वर येते. म्हणून खुडताना मुळी हातभर खालपर्यंत जाते आणि हमखास तुटते. माणसाला ही अळंबी शेतीसारखी पिकवता आलेली नाही. या वंशाला नाव १९४२ साली रोजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलं आणि १९७९ साली मद्रासच्या नटराजन यांनी भारतातल्या एका प्रजातीला त्यांच्या नावावरून टर्मिटोमायसिस हाइमी म्हटलं.

या नमुन्याच्या रिपोर्टवर लिहिलं होतं: "९९ टक्के साम्य, टर्मिटोमायसिस युऱ्हायझस." खाली दहा जुळणाऱ्या नोंदींची यादी. यादी नीट वाचली तर तेवढंच साम्य असलेल्या नोंदी तीन नावांनी होत्या: कुठे हाइमी, कुठे युऱ्हायझस, कुठे नुसतं 'प्रजाती'. वरची ओळ उचलून छापली होती, बस्स. या नोंदी जेनबँक नावाच्या जगभरच्या खुल्या साठ्यातल्या. तिथे कोणीही अक्षरं टाकतो आणि नाव स्वतः ठेवतो. तिथल्या बुरशींच्या नोंदींपैकी पाचव्या हिश्श्यापर्यंत नावं चुकीची असू शकतात असं २००६ साली एका अभ्यासात दाखवलं होतं. म्हणजे यादीत पहिला आलेला तोच खरा असं काही नाही. आमच्या अळंबीच्या देठावर जाड, टिकणारं पांढरं कडं होतं आणि टोपी पांढरी, मध्ये करडं टोक. हे वर्णन हाइमीशी जुळतं. कड्याचा फोटो मी नमुन्यासोबत पाठवला होता. तो कोणी उघडला असेल असं वाटत नाही.

अक्षरं वाचताना यंत्र जो आलेख काढतं, तोही त्यांनी पीडीएफमध्ये फक्त सुरुवातीचा दाखवला होता. मूळ फाइल मागितली. पहिल्या मेलला उत्तर नाही, दुसऱ्याला आलं, "ती सहसा कोणी मागत नाही." फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. चार रंगांचे डोंगर असतात: ए हिरवा, सी निळा, जी काळा, टी लाल. एका जागी एकच डोंगर उभा असावा. इथे दोनशेच्या आसपास अक्षरांपर्यंत छान एकेरी, आणि तिथून पुढे प्रत्येक जागी दोन-दोन डोंगर एकमेकांच्या पायात पाय घालून. घाण वाटते बघायला, पण ती घाण नव्हे. अळंबीच्या पेशीत दोन पालकांची दोन केंद्रकं वेगवेगळी राहतात. एकाच्या पट्ट्यात एखादं अक्षर जास्त असलं की तिथून पुढे दोन्ही वाचनं एका घराने सरकतात. यावर साधा उपाय असतो, उलट्या टोकाकडून दुसरं वाचन करायचं. त्यांच्या १,८०० रुपयांत एकाच बाजूचं वाचन बसतं, हे फॉर्मवर बारीक अक्षरात होतं. वाचलं नाही ही माझी चूक. पण यंत्राने दोन डोंगरांतला जो उंच तो उचलून ओळ पूर्ण केली, आणि त्या ओळीवर ९९ टक्क्यांचा शिक्का मारला, ही त्यांची.

रिपोर्ट येईपर्यंत बाकीच्या अळंब्यांची आमटी होऊन तीन आठवडे झाले होते. ओल्या खोबऱ्याचं वाटप, त्यात थोडं कोकम. नावाची कोणाला पडली नव्हती.

तिसरा नमुना वेळागरच्या सुरूच्या बनातला. वाळूत अर्धवट पुरलेले कडक गोळे, कापले की आत जांभळट काळा भुगा. स्क्लेरोडर्मा. सुरूच्या मुळांशी यांची देवाणघेवाण असते. याचा रिपोर्ट एका ओळीचा: "पीसीआर अयशस्वी, शुल्क परत मिळणार नाही." गडद रंगाच्या बुरशीत मेलॅनिन हे रंगद्रव्य असतं आणि ते पीसीआरचं एन्झाइम अडवतं, हे पीसीआर करणाऱ्याला ठाऊक असतं. काढलेला डीएनए दहापट, शंभरपट पातळ करून पुन्हा लावायचा, बहुतेक वेळा निघतो. पातळ करायला पाणीच लागतं. विचारलं तर म्हणाले, "रिपीट म्हणजे नवीन ऑर्डर." मायक्रोस्कोपखाली त्याचे बीजाणू गोल, काटेरी, तपकिरी, बाभळीच्या काट्यांचा चेंडू केल्यासारखे. वंश पक्का झाला, प्रजाती नाही. तो विषय तिथेच सोडला.

आता चौथा. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो.

देवराईच्या कडेला, कुजक्या पाल्यात, करड्या-निळ्या रंगाच्या चार छोट्या अळंब्या. टोपी दीड इंचाची, मधोमध बेंबी. छाप गुलाबी. कल्ल्याचा कपटा कव्हर स्लिपखाली दाबला. द्रव म्हणून पाच टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), आयुष्यभर गजकर्णाच्या खवल्यांसाठी जे दहा टक्के वापरलं त्यातच पाणी घालून. रंगासाठी थेंबभर काँगो रेड. शंभराच्या भिंगाखाली गेलो आणि हसूच आलं. गोल नाही, लंबगोल नाही, प्रत्येक बीजाणू कोनांचा. पाच, सहा कोन, जणू कोणी खडे पैलू पाडून ठेवलेत. आयपीसमधल्या पट्टीने वीस मोजले. लांबी नऊ-दहा मायक्रॉन. माझी जुनी फूटपट्टी तांबडी पेशी, साडेसात मायक्रॉन, तिच्यापेक्षा थोडे मोठे. गुलाबी छाप आणि कोनदार बीजाणू म्हणजे एंटोलोमा. यात शंकेला जागा नाही. प्रजाती कोणती हा प्रश्न होता, आणि त्यासाठीच डीएनए.

रिपोर्ट आला: "ओळख: ट्रायकोडर्मा. साम्य ९९.८ टक्के." खाली सही, शिक्का, आणि बुरशींच्या नात्यांचं एक सुबक झाड काढलेलं, ज्यात माझा नमुना ट्रायकोडर्मांच्या मधोमध फांदीवर बसला होता.

ट्रायकोडर्मा म्हणजे हिरवी बुरशी. काजूच्या मुळांना शेतकरी घालतात ती पुडीतली. अळंबीशी तिचं नातं इतकंच की ती अळंबीवर चढते आणि खाते. दोघी बुरशीच, पण वेगळ्या मोठ्या गटांतल्या, आणि टोपी-देठ ट्रायकोडर्माला कधी येत नाहीत. घरी सांगितलं तर ही म्हणाली, "अवो, साडेआठ हजार देवन बुरशी इकत घेतलात!"

इथे माझी बाजू सांगायला हवी. अळंबी वाळवायला मी बिस्किटाच्या डब्यात ६० वॅटचा बल्ब लावून पेटी केली आहे. चाळीस-पंचेचाळीस अंशांवर रात्रभरात कुरकुरीत होते. त्या रात्री लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. जुलैतली आमची हवा तुम्हाला माहीत आहे, पापड ताटात वाढेपर्यंत मऊ पडतो. चुलीवरच्या शिंक्यात टांगून कशीबशी वाळवली, सिलिका जेलची पुडी घातली आणि पाठवून दिली. ओल शोषली की निळी पुडी गुलाबी होते, ती पाकीट बंद करतानाच गुलाबी पडायला लागली होती. ते बघूनही पाठवली. म्हणजे हिरवी बुरशी बहुतेक माझ्याच घरातून गेली.

पण मी रुग्णालयात काम केलं आहे. गोठलेलं रक्त आलं, रक्तपेशी फुटलेला लाल सीरम आला, तर आम्ही आकडा देत नव्हतो. नमुना परत, पेशंटला पुन्हा बोलवा, तो शिव्या देतो त्या ऐका. नमुना नाकारणं हेही लॅबचंच काम. फॉर्मवर मी स्पष्ट लिहिलं होतं: कल्ल्यांची अळंबी, एंटोलोमा असावी. यंत्रातून ट्रायकोडर्मा आलं तेव्हा त्या दोन शब्दांची गाठ कोणी घालून बघितली असती तर पाच सेकंदांत थांबले असते. त्यांनी अक्षरं चुकीची वाचली नाहीत. पाकिटात जी बुरशी जास्त होती तिची अक्षरं अगदी बरोबर वाचली. फक्त पाकिटात काय आहे हे बघायला तिथे डोळे नव्हते.

फोन केला. मुलगी शांतपणे ऐकून घेत होती. "सर, ९९.८ आलंय म्हणजे चांगलं आलंय." मी म्हटलं, "ताई, चांगलं आलंय, पण दुसऱ्याचं आलंय." ती हसली, मग वरिष्ठांशी बोलून परत फोन करते म्हणाली, आणि खरंच केला. फुकट रिपीट मिळाला नाही, निम्म्या दरात मिळाला. अर्धा तारा तिथला.

दुसऱ्या खेपेला मी पाकीट वेगळं भरलं. चारातल्या शिल्लक अळंबीचा देठ ब्लेडने उभा चिरला, चिमटा स्पिरिटच्या दिव्यावर तापवून गार केला आणि आतल्या पांढऱ्या गाभ्याचा भाताच्या शितापेक्षा लहान तुकडा काढला. बाहेरच्या सालीला हातही लावला नाही. कल्ल्यांची स्लाइड काढून बीजाणूंचा फोटो छापून पाकिटात घातला आणि वर लाल पेनने लिहिलं: "बीजाणू कोनदार. ट्रायकोडर्मा आल्यास कळवू नये, फोन करावा." वाचन दोन्ही बाजूंनी मागितलं, आणि आयटीएसच्या शेजारचा एलएसयू पट्टाही (रायबोसोमच्या मोठ्या भागाचा जीन), त्याचे पैसे वेगळे दिले.

यावेळी तेरा दिवसांत आलं. डोंगर एकेरी, स्वच्छ. एंटोलोमा. सर्वांत जवळची नोंद ९३ टक्के, तीही नाव नसलेली.

हे सांगितल्यावर गावातल्या एका उत्साही माणसाने मोबाइलवर टाकलं: "आपल्या तालुक्यात नवीन प्रजातीचा शोध." काढायला लावलं. ९३ टक्के याचा अर्थ एवढाच की जेनबँकेत कोणी याची अक्षरं अजून टाकलेली नाहीत. शंभर वर्षांपूर्वी वर्णन होऊन एखाद्या संग्रहात वाळून पडलेली प्रजातीही असू शकते, जिचा डीएनए कोणी काढलाच नाही. 'नवी नोंद' म्हणजे आधीच माहीत असलेली प्रजाती या भागात पहिल्यांदा सापडणं. 'नवी प्रजाती' म्हणजे जगाला माहीत नसलेली. पेपरवाले दोन्हीला एकच मथळा देतात. दुसरीसाठी जुनी वर्णनं शोधून एकेक ताडून बघावं लागतं, एकाहून जास्त ठिकाणचे नमुने लागतात, वाळवलेला नमुना पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अजरेकर संग्रहासारख्या ठिकाणी ठेवावा लागतो, आणि २०१३ पासून बुरशीच्या नव्या नावाची आधी नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो, त्याशिवाय नाव धरलं जात नाही. जगात २२ ते ३८ लाख प्रजातींच्या बुरशी असाव्यात असा अंदाज आहे, नावं मिळालेल्या दीड लाखाच्या आसपास. तेव्हा नाव नसलेली बुरशी सापडणं यात माझं कौतुक काही नाही. देवराईत जाऊन वाकलात तर तुम्हालाही सापडेल.

याच लॅबने मेलमध्ये आणखी एक गोष्ट विकायला काढली होती: "तुमची अक्षरं जेनबँकेत नोंदवून देऊ, प्रत्येकी ७०० रुपये." जेनबँकेत नोंद फुकट होते. वेळ लागतो, इंग्रजी फॉर्म डोकं खातो, पण माझ्या पुतणीने एका संध्याकाळी करून दिली.

पुन्हा याच लॅबकडे जाणार का? जाईन. अक्षरं नीट वाचतात आणि दर परवडतो. पण पाठवणाऱ्याकडे मायक्रोस्कोप नसेल तर त्याने आधी कोणाच्या तरी मायक्रोस्कोपखाली कपटा बघून घ्यावा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळतो. छाप घ्यावा, त्याला तर कागद पुरतो. ऑर्डर देताना दोन्ही बाजूंचं वाचन आणि मूळ फाइल हे फॉर्मवरच लिहून मागावं. आणि खायची की नाही यासाठी ही सेवा वापरू नये. तीन आठवड्यांनी आलेलं नाव पोटात गेलेल्याला काय उपयोगाचं.

यंदा मृगानंतर तिसऱ्या आठवड्यात त्याच जागी गेलो. पाच फुटल्या होत्या, त्यातल्या दोन गोगलगाईंनी अर्ध्या खाल्लेल्या. तीन आणल्या. डब्याला आता बल्बसोबत इन्व्हर्टर जोडला आहे. ज्या कपाटात मायक्रोस्कोप पडून होता त्यातच तीन कागदी पाकिटं ठेवली आहेत, वर तारीख, जागा, आणि शेजारी काय झाड होतं ते. एकावर हिने पेन्सिलने लिहून ठेवलंय, "ही आमटीची नाय."